जालियनवाला बाग : जागा, आकडे आणि नावे

पंजाबच्या सहलीस निघालेल्या मराठी कुटुंबांचा अमृतसरमधील दिवस बहुधा ठरलेला असतो. सकाळी सुवर्णमंदिराचे दर्शन, लंगरचा प्रसाद, दुपारनंतर अटारी-वाघा सीमेवरील संचलनासाठी धावपळ. आणि या दोहोंच्या मध्ये, मंदिरापासून चालत थोड्याच अंतरावर असल्यामुळे, जालियनवाला बाग. शाळांच्या सहलींचा क्रमही निराळा नसतो. भिंतीवरील गोळ्यांच्या खुणा, विहीर, स्मारकस्तंभ, एक समूहछायाचित्र, आणि पुन्हा बस. एवढ्या वेळात डोळ्यांना जे दिसते त्यात १९१९ चे फार थोडे असते, याची जाणीव मात्र विद्यार्थ्यांना आधी क्वचितच करून दिलेली असते.

मुळात ‘बाग’ या शब्दानेच फसगत होते. महाराजा रणजितसिंगांच्या दरबारातील हिंमतसिंग नावाच्या सरदाराच्या घराण्याकडे ही जमीन होती. घराणे जल्ला गावचे, म्हणून जागेला जल्लेवाला, जालियनवाला असे नाव पडले. १९१९ साली तेथे ना फुलझाडे होती, ना हिरवळ. चहूबाजूंनी घरांच्या पाठभिंती आणि त्यांच्यामध्ये सहा-सात एकरांचे वेडेवाकडे ओसाड मैदान. त्यात एक समाधी, एक विहीर आणि मोजकी झाडे. बाहेर पडण्याच्या वाटा थोड्या आणि चिंचोळ्या. मुख्य बोळ इतका अरुंद की, जनरल डायरने आणलेल्या दोन चिलखती मोटारी आत शिरू शकल्या नाहीत व त्या रस्त्यावरच उभ्या कराव्या लागल्या. आत नेता आल्या असत्या तर आपण त्यांवरील मशीनगनही वापरल्या असत्या, असे पुढे डायरनेच चौकशी समितीपुढे सांगितले. त्या बोळाची रुंदी मनात धरूनच बागेत पाऊल टाकले पाहिजे.

घटनाक्रम सर्वपरिचित आहे. रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ झाले. ९ एप्रिलला अमृतसरमध्ये रामनवमीच्या मिरवणुकीत हिंदू-मुसलमान बरोबरीने चालले. दुसऱ्या दिवशी डॉ. सत्यपाल आणि डॉ. सैफुद्दीन किचलू यांना अटक करून धरमशाला येथे हलविण्यात आले. त्यांच्या सुटकेची मागणी करण्यास निघालेल्या जमावावर रेल्वेच्या पुलाजवळ गोळीबार झाला, माणसे मेली. मग क्रुद्ध जमावाने बँका जाळल्या, पाच युरोपियनांना ठार केले, मिशनशाळांचे काम पाहणाऱ्या मिस शेरवुड या इंग्रज बाईंना मारहाण केली. त्या बाईंना पुढे स्थानिक हिंदी माणसांनीच आश्रय देऊन वाचविले. हा भाग आपल्याकडील शालेय कथनातून बहुधा गाळला जातो. तो गाळण्याचे कारण नाही. १० एप्रिलचा हिंसाचार सांगितल्याने १३ एप्रिलचे पाप तिळभरही हलके होत नाही. उलट, दोन दिवस शांत राहिलेल्या शहराला तिसऱ्या दिवशी जी शिक्षा दिली गेली ती दंगल मोडण्यासाठी नव्हती, हे त्यामुळे अधिक स्पष्ट होते.

१३ एप्रिल १९१९ हा रविवार होता आणि बैसाखीचा सण. सकाळी डायरने सैन्यासह फिरून शहरात १९ ठिकाणी सभाबंदीचे फर्मान वाचून दाखविले. सुवर्णमंदिराचा परिसर आणि बाग यांच्या आसपास ते वाचले गेले नाही. सणासाठी आणि गुरांच्या बाजारासाठी खेड्यापाड्यांतून आलेल्या शेतकऱ्यांना त्याची गंधवार्ता असण्याचे कारण नव्हते. सभा भरणार असल्याचे डायरला दुपारीच कळले होते. ती भरू नये म्हणून त्याने काहीच केले नाही. सायंकाळी पाचच्या सुमारास तो ५० बंदूकधारी आणि ४० केवळ खुकऱ्या घेतलेले शिपाई घेऊन बागेत आला, आणि पांगण्याचा इशारा न देता त्याने गोळीबाराचा हुकूम सोडला. सुमारे दहा मिनिटांत १६५० फैरी झडल्या. गर्दी जेथे दाट, म्हणजे जेथून लोक बाहेर पडण्याची धडपड करीत होते, तेथे नेम धरला गेला. दारूगोळा संपत आला तेव्हाच गोळीबार थांबला.

यानंतरच्या रात्रीचा एक शब्दही आज बागेच्या दगडांवरून वाचता येत नाही. रात्री आठनंतर घराबाहेर पडण्यास बंदी होती. जखमींना उचलण्याची, पाणी देण्याची कोणतीही व्यवस्था सैन्याने केली नाही. पुढे त्याबद्दल विचारले असता, ते आपले काम नव्हते, इस्पितळे उघडी होती, असे उत्तर डायरने दिले. बागेजवळ राहणाऱ्या रतनदेवी गोळीबाराचा आवाज ऐकून आल्या. प्रेतांच्या ढिगात त्यांना पतीचा देह सापडला. तो घरी नेण्यासाठी खाट आणायला कोणी जाईना, कारण आठ वाजून गेले होते. हाती बांबूची काठी घेऊन, कुत्री हाकलीत, त्या रात्रभर त्या देहापाशी बसून राहिल्या. जवळच बारा-तेरा वर्षांचा एक जखमी मुलगा, मला सोडून जाऊ नका, म्हणून विनवीत होता. त्याला पाणी हवे होते. पाणी मिळण्यासारखे नव्हते. काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे नोंदविलेल्या जबान्यांत रतनदेवींची ही हकीकत आहे. अत्यंत साध्या शब्दांतील ही जबानी विद्यार्थ्यांना बागेत नेण्यापूर्वी वाचून दाखवावी. मार्गदर्शकाच्या अर्ध्या तासाच्या भाषणाहून तिचे मोल अधिक आहे.

मृत किती, हा प्रश्न येथून सुरू होतो. डायरचा स्वतःचा पहिला अंदाज दोनशे ते तीनशेचा होता. त्याने प्रेते मोजली नव्हती; फैरींच्या संख्येवरून हिशेब मांडला होता. सरकारने मृतांची माहिती गोळा करण्यास काही महिने लावले. ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांनी नावे कळवावीत, असे जाहीर केले गेले. पण सभेला गेल्याची कबुली देणे म्हणजे आणखी संकट ओढवून घेणे, अशी धास्ती लोकांना होती. मधल्या काळात लष्करी कायदा होता, भर रस्त्यात फटके मारले जात होते, मिस शेरवुड यांच्यावर हल्ला झाला त्या गल्लीतून जाणाऱ्या हिंदी माणसाला पोटावर सरपटत जाण्याची सक्ती केली गेली होती. अशा शहरात आपल्या मृताचे नाव सरकारदरबारी कोण सांगणार? घरोघर जाऊन माहिती जमविण्याचे काम अलाहाबादच्या सेवा समितीने केले, आणि हंटर समितीच्या अहवालात आलेला ३७९ हा आकडा त्याच कामातून आला. त्यांत ३३७ पुरुष, ४१ मुले आणि अवघ्या सहा आठवड्यांचे एक तान्हे मूल होते. यांपैकी सुमारे ८७ जण परगावचे किंवा आसपासच्या खेड्यांतले असल्याची नोंद आहे. सणासाठी बाहेरून आलेल्या माणसांचा लोंढा लक्षात घेतला तर ही संख्या थोडी वाटते. शहरातल्या घरी विचारता येते. बैल विकायला आलेला आणि परत न गेलेला शेतकरी कोणत्या घराच्या दारात शोधायचा?

काँग्रेसच्या समितीने मृतांची संख्या हजाराच्या घरात मानली. या समितीत गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. मोतीलाल नेहरू काँग्रेसचे अध्यक्ष झाल्यामुळे त्यांच्या जागी जयकरांची नेमणूक झाली होती. सतराशेहून अधिक साक्षीदारांच्या जबान्या तपासून, अतिशयोक्त वाटणाऱ्या बाजूला सारून हा अहवाल तयार झाला आणि मार्च १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी हंटर समितीत मुंबईचेच सर चिमणलाल सेटलवाड होते. त्यांच्या शांत, काटेकोर प्रश्नांना डायरने जी बेधडक उत्तरे दिली, त्यांनीच त्याचा बचाव अशक्य करून टाकला. केवळ जमाव पांगविणे नव्हे, तर साऱ्या पंजाबवर वचक बसविणे हा आपला हेतू होता, हे त्यात उघड झाले. तरीही इंग्लंडमध्ये ‘मॉर्निंग पोस्ट’ने त्याच्यासाठी उघडलेल्या निधीत सव्वीस हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली.

डिसेंबर १९१९ मध्ये अमृतसरलाच काँग्रेसचे अधिवेशन भरले. विलायतेहून नुकतेच परतलेले लोकमान्य टिळकही त्यास उपस्थित होते. जागा संपादन करून तेथे स्मारक उभारण्याचा संकल्प तेथे झाला आणि लोकवर्गणीतून पाच लाखांहून अधिक रुपये उभे करून ती विकत घेण्यात आली. ओसाड मैदान राष्ट्राची मालमत्ता झाले, हे योग्यच झाले. बेंजामिन पोक या अमेरिकन वास्तुविशारदाने आखलेल्या, ज्योतीच्या आकाराच्या तांबड्या दगडी स्तंभाचे अनावरण १३ एप्रिल १९६१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. याच काळात हिरवळ आली, वाफे आले, आखीव रस्ते आले. नावात असलेली बाग आता खरोखरच बाग झाली.

दुसरा मोठा बदल अलीकडचा. नूतनीकरणानंतर २८ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते हा परिसर पुन्हा लोकार्पण करण्यात आला. पंजाबचा इतिहास, स्वातंत्र्यलढा व हत्याकांड यांची माहिती देणारी चार संग्रहालय-दालने तेथे झाली, ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम सुरू झाला. दालने उपयुक्त आहेत. घाईत असलेल्या पाहुण्यालाही काही कागदपत्रे, काही छायाचित्रे पाहता येतात. परंतु मुख्य बोळाच्या भिंतींवर आता माणसांची उठावशिल्पे आहेत, आणि विहिरीभोवती काचेचे पारदर्शक आवरण. अनेक इतिहासकारांनी या बदलांवर टीका केली, आणि तिच्यात तथ्य आहे. तो बोळ उघडा, उदास आणि निरुंद होता, हेच त्याचे सांगणे होते. शिल्पांतील हसतमुख माणसे जत्रेला निघाल्यासारखी दिसतात. बैसाखीची ती संध्याकाळ तशी होती, हे खरे, पण त्या भिंतींना शोभेची गरज नव्हती. भिंतीवरील ३६ गोळ्यांच्या खुणा मात्र पांढऱ्या चौकटींत अजून आहेत. विहिरीतून १२० प्रेते काढल्याचे फलक सांगत आला आहे. अभ्यासकांत त्या संख्येविषयी मतभेद आहेत.

आणखी एका गोंधळाचा उल्लेख येथे करावासा वाटतो, कारण उत्तरपत्रिकांत तो पिढ्यान्‌पिढ्या आढळतो. उधमसिंग यांनी १३ मार्च १९४० रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये ज्याला गोळी घातली तो डायर नव्हे. तो पंजाबचा तत्कालीन लेफ्टनंट गव्हर्नर सर मायकेल ओड्वायर. डायर १९२७ मध्येच आजाराने मरण पावला होता. नावांच्या साम्यातून झालेली ही चूक निरुपद्रवी नाही. हुकूम देणाऱ्या एका सेनाधिकाऱ्यावर सारे ढकलले की, त्याच्या कृत्याला मान्यता देणारी प्रांताची राजवट नजरेआड होते.

१९९७ साली इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ बागेत आल्या तेव्हा सुमारे दोन हजार लोकांचे रक्त येथे सांडले, असे सांगणारा फलक पाहून त्यांचे पती प्रिन्स फिलिप यांनी, हे अतिशयोक्त आहे, यात जखमीही धरले असावेत, असा शेरा मारला. गहजब झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पाहुण्याने यजमानाच्या घरी मृतांची संख्या कमी करून सांगू नये. पण तेव्हाच्या संतापात एक गोष्ट मागे पडली : स्वतंत्र भारतातही या मृतांची एकच, सर्वमान्य नामावली तयार झालेली नव्हती. अमृतसरच्या उपायुक्त कार्यालयातील यादीत ४८४ नावे आणि बागेतील यादीत ३८८, असे वृत्त पुढेही येत राहिले. दोन्ही यादींत हिंदू, शीख, मुसलमान एकत्र आहेत.

नूतनीकरणापूर्वी त्याच बोळातून आत जावे लागे आणि त्याच बोळातून बाहेर यावे लागे. आता बाहेर पडण्याचा मार्ग वेगळा केला आहे. गर्दीच्या दिवशी त्याची सोय होते. तो मोकळा आहे आणि त्यातून मुलांची अख्खी तुकडी एका वेळी सहज बाहेर पडू शकते.