जॅझ-फंक म्हणजे काय? दोन कॉर्डवर १५ मिनिटं चालणाऱ्या संगीताची गोष्ट

जॅझ म्हटलं की मंद दिव्यांचा क्लब, सॅक्सोफोन आणि शांतपणे ऐकत बसलेली माणसं डोळ्यांपुढे येतात. जॅझ-फंक ऐकताना मात्र शांत बसणं अवघड जातं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या काही जॅझ वादकांनी आपल्या संगीताखालचा ठेकाच बदलला. वर जॅझची उपज तशीच राहिली, खाली जेम्स ब्राऊन आणि स्लाय स्टोन यांच्या नाचऱ्या फंकचा पाया आला. या मिश्रणाला जॅझ-फंक म्हणतात.

या संगीताचा जीव आहे 'ग्रूव्ह'. बास, ड्रम आणि कीबोर्ड मिळून एक छोटासा आकृतिबंध धरतात आणि तो फिरवत राहतात. तबल्याचं एकल वादन ऐकलेल्यांना हे पटकन कळेल. तिथे सारंगी किंवा हार्मोनियमवर लेहरा फिरत असतो आणि त्याच्या आधाराने तबलजी आपलं काम करतो. जॅझ-फंकमध्ये लेहऱ्याची जागा बहुतेक वेळा बास घेतो. फरक एवढाच, की लेहरा मागे राहतो आणि इथे बासची ओळच लोकांच्या तोंडी बसते.

दुसरी गोष्ट म्हणजे 'वन'. त्या काळच्या बऱ्याचशा नाचाच्या गाण्यांत जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असायचा. जेम्स ब्राऊनने १९६०च्या दशकाच्या मध्यापासून आपल्या वादकांना पहिल्या मात्रेवर जोर द्यायला लावलं. आपल्याकडच्या समेसारखंच हे ठिकाण: मध्ये कितीही भटका, तिथे सगळ्यांनी एकत्र यायचं. दोन 'वन'च्या मधल्या चार मात्रांचे प्रत्येकी चार, म्हणजे १६ बारीक भाग पडतात. प्रत्येक वादक त्यातल्या मोजक्याच जागा घेतो आणि बाकीच्या दुसऱ्यासाठी सोडतो. ग्रूव्ह तयार होतो तो या सोडलेल्या जागांमुळे. सगळ्यांनी सगळ्या जागा भरल्या तर नुसता गोंगाट उरेल.

हे सगळं एकाच ठिकाणी ऐकायचं तर हर्बी हॅनकॉकचा 'हेड हंटर्स' हा १९७३चा आल्बम लावावा. हॅनकॉक हा माइल्स डेव्हिसच्या चमूत घडलेला पियानोवादक. त्याआधीचा त्याचा स्वतःचा बँड फार प्रयोगशील होता; समीक्षक खूश, पण खर्च भागेना. तो बँड मोडून त्याने नवा चमू जमवला: बासवर पॉल जॅक्सन, ड्रमवर हार्वी मेसन, तालवाद्यांवर बिल समर्स आणि सॅक्सोफोनसह फुंकवाद्यांवर बेनी मॉपिन. आल्बममध्ये चारच रचना आहेत. गिटारवादक नाहीच, गिटारची ती तुटक खणखण हॅनकॉक क्लॅव्हिनेट या कीबोर्डवर काढतो.

पहिली रचना 'कमिलिअन' सुमारे १५ मिनिटांची आहे. सुरुवातीची प्रसिद्ध बास ओळ हॅनकॉकने सिंथेसायझरवर वाजवली आहे. मग एकेक वाद्य येऊन बसतं, आणि पहिला मोठा भाग केवळ दोन कॉर्डवर चालतो. बीबॉप जॅझमध्ये कॉर्ड क्षणाक्षणाला बदलतात आणि वादकाला त्यांच्यामागे धावावं लागतं. इथे धावपळ संपते, पण काम सोपं होत नाही: दोनच कॉर्डवर ऐकणाऱ्याला धरून ठेवायचं तर वादकाकडे खरोखर काही सांगण्यासारखं हवं.

आल्बमची विक्री १० लाखांच्या पुढे गेली. जॅझच्या कट्टर रसिकांना मात्र हा बाजारापुढे टेकलेला गुडघा वाटला. ट्रम्पेटवादक डोनाल्ड बर्ड यांनाही हेच ऐकावं लागलं. हॅनकॉकला तरुणपणी पहिली मोठी संधी देणारे हेच बर्ड. हॉवर्ड विद्यापीठात शिकवत असताना, तिथेच शिकलेल्या मिझेल बंधूंना हाताशी धरून त्यांनी 'ब्लॅक बर्ड' हा आल्बम काढला आणि तो ब्लू नोट कंपनीच्या तोवरच्या सर्वाधिक खपाच्या आल्बमांत गेला. विकलं जाणं हा दोष मानला तरच ती टीका खरी ठरते. जॅझ मुळात नाचघरांतही वाढलं, हे टीकाकार विसरले होते.

पुढे हिप-हॉपवाल्यांनी याच तबकड्यांमधले तुकडे उचलून आपली गाणी उभी केली. आणि प्रश्न आला: ग्रूव्हचा मालक कोण? 'कमिलिअन'चं श्रेय हॅनकॉक, जॅक्सन, मेसन आणि मॉपिन अशा चौघांच्या नावावर आहे. जेम्स ब्राऊनच्या १९७०च्या 'फंकी ड्रमर'चं तसं नाही. त्यातला क्लाइड स्टबलफील्डचा काही सेकंदांचा ड्रमचा तुकडा असंख्य गाण्यांत वापरला गेला, पण रचनाकार म्हणून नाव ब्राऊनचं एकट्याचं. स्टबलफील्डला त्या वापराचं मानधन जवळपास मिळालंच नाही. सुरावट लिहिणारा रचनाकार ठरतो, ठेका घडवणारा नुसता वादक.

'हेड हंटर्स'वरच्या 'वॉटरमेलन मॅन'ची कथा आणखी गुंतागुंतीची. मूळ धून हॅनकॉकचीच, १९६२ची. लहानपणी शिकागोच्या गल्ल्यांमधून फिरणाऱ्या कलिंगडवाल्याच्या गाडीवरून सुचलेली. १९७३च्या नव्या रूपात सुरुवातीला बिल समर्स बिअरच्या बाटलीत फुंकून मध्ये आवाज काढत एक लयदार नक्षी विणतो. ही पद्धत मध्य आफ्रिकेतल्या बा-बेंझेले लोकांची. तिथल्या संगीताचं ध्वनिमुद्रण १९६६ साली तबकडीवर आलं होतं. १९९४ साली मॅडोनाने 'सँक्च्युअरी' या गाण्यात हॅनकॉकच्या रचनेतला अंश वापरला आणि श्रेयात त्याचं नाव आलं. बा-बेंझेले लोकांचं नाव त्या श्रेयात नाही.