बंदरावरचा ओळखीचा आवाज

१/ परक्या देशात एकट्याने उतरलेल्या माणसाला मोठा धोका कोणाकडून असतो? एकोणिसाव्या शतकातील न्यूयॉर्क बंदराचा इतिहास सांगतो : पुष्कळदा आपलीच भाषा बोलणाऱ्याकडून.

२/ १८४० च्या दशकात आयर्लंड व जर्मनीतून माणसांनी भरलेली जहाजे येऊ लागली. धक्क्यावर दलाल टपलेले असत. आयरिश प्रवाशामागे आयरिश दलाल, जर्मनामागे जर्मन. गावाकडची बोली कानी पडताच नवखा विश्वास टाकी. दलाल त्याचे सामान उचलून भाड्याच्या खोलीवर नेई. तेथे बिल फुगे आणि ते फिटेपर्यंत पेटी अडकवून ठेवली जाई. रेल्वेची खोटी तिकिटेही अशाच हातांतून खपत.

३/ १८४७ मध्ये न्यूयॉर्क राज्याने स्थलांतरितांसाठी आयुक्त मंडळ नेमले. ऑगस्ट १८५५ मध्ये मंडळाने ‘कॅसल गार्डन’ या जुन्या किल्ल्यात उतरण्याचे केंद्र उघडले. दलालांना आत मज्जाव होता. चलनबदल, तिकिटे, सामान यांची व्यवस्था एकाच छताखाली झाली.

४/ मात्र दाराबाहेर पडताच एकटी मुलगी पुन्हा एकटीच असे. आयरिश लेखिका शार्लट ग्रेस ओब्रायन यांनी हा प्रश्न लावून धरला. १८८० च्या दशकात फादर जॉन रिओर्डन यांनी बंदरालगत आश्रयगृह चालवले. नातेवाईक येईपर्यंत किंवा काम मिळेपर्यंत मुली तेथे राहत. पैसे नसले तरीही.

५/ १ जानेवारी १८९२ रोजी एलिस बेटावरील नव्या केंद्रात पहिली नोंद झाली, ती अ‍ॅनी मूर या आयरिश मुलीची. तिचे आईवडील आधीच न्यूयॉर्कमध्ये होते. ज्यांचे तेथे कोणीच नव्हते, त्यांच्यासाठी आश्रयगृहाचे दार पुढेही उघडे राहिले.