मेद : कोठार आणि ग्रंथी

मधुमेह हा स्थूल माणसाचा रोग, ही समजूत आपल्याकडे दृढ आहे. चरकसंहितेने मात्र प्रमेहाचे रुग्ण स्थूल व कृश असे दोन्ही प्रकारचे सांगितले आहेत. त्यांपैकी कृशाचे कोडे आधुनिक वैद्यकास फार उशिरा उलगडू लागले.

१९४६ मध्ये लंडनचे डॉ. आर. डी. लॉरेन्स यांनी एका तरुणीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. (लॉरेन्स स्वतः मधुमेही, १९२३ मध्ये इन्शुलीन मिळाले म्हणूनच ते वाचले होते.) तिच्या देहावर चरबी जवळजवळ नव्हतीच, तरीही तिला मधुमेह होता, यकृत वाढले होते आणि रक्तात स्निग्ध द्रव्ये विपुल होती. मेद नसताना मेदाचेच विकार व्हावेत, हे कसे?

उत्तर उंदरांवरील प्रयोगांत सापडले. ओक्साना गाव्रिलोवा, मार्क राइटमन आदी अमेरिकन संशोधकांनी २००० साली जनुकबदलाने मेदहीन झालेल्या मधुमेही उंदरांच्या त्वचेखाली निरोगी उंदरांची चरबी बसविली. रक्तशर्करा उतरली, इन्शुलिनचा अंमल सुधारला. रोगाचे मूळ मानलेला पदार्थच येथे औषध ठरला! मात्र चरबी थोडी बसविली तर गुणही थोडाच येई. पुढे २००२ मध्ये ज्यांच्या अंगी लेप्टिन निर्माण होत नाही अशा उंदरांची चरबी वापरून पाहिली, तेव्हा मधुमेह हटला नाही. १९९४ मध्ये शोधलेले लेप्टिन हे मेदपेशींतूनच रक्तात उतरते. तेव्हा मेदास कोठाराबरोबर ग्रंथीही म्हणणे प्राप्त झाले. मेदहीन रुग्णांना लेप्टिन टोचण्याचा उपचार अमेरिकेत २०१४ मध्ये संमत झाला. माणसांत मेदारोपण हा मधुमेहाचा रूढ उपचार अद्याप झालेला नाही.

आपल्याकडील कृश मधुमेही बहुधा लॉरेन्स यांच्या रुग्णासारखा मेदहीन नसतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्यानजीकच्या सहा खेड्यांत गर्भवतींचा अभ्यास केला. तेथील अर्भकांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे ३.५ किलो. आपल्या बाळांचे स्नायू तोकडे. पण पाठीवरील त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. याज्ञिक यांनी २००४ मध्ये आपले इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांच्यासह ‘लॅन्सेट’मध्ये छायाचित्र छापले. दोघांचाही देहभारांक २२.३, युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. वजनकाट्यावर विसंबणाऱ्या वैद्याने ते अवश्य पाहावे. पुणे व लंडन येथील नवजात बालकांच्या नाळेतील रक्तही २००२ मध्ये तपासले गेले होते. जन्मवजनाचा फरक हिशेबात घेता पुण्याच्या बाळांत लेप्टिन आणि इन्शुलीन, दोन्ही अधिक निघाली.