कीथ डग्लस : रणगाड्यावरचा कवी

दुसऱ्या महायुद्धातील इंग्रज सैनिक-कवींमध्ये कीथ डग्लस यांचे नाव आज अग्रक्रमाने घेतले जाते. हयातीत मात्र त्यांचा एकही स्वतंत्र काव्यसंग्रह निघाला नाही. १९४३ मध्ये आणखी दोन कवींसोबत एका सामाईक संग्रहात त्यांच्या कविता आल्या, तेवढेच.

त्यांचा जन्म २४ जानेवारी १९२० रोजी केंटमधील टनब्रिज वेल्स येथे झाला. वडील पहिल्या महायुद्धात शौर्यपदक मिळविलेले लष्करी अधिकारी होते. पुढे ते घर सोडून गेले. आईच्या वाट्याला दीर्घ आजार आणि ओढाताण आली. मुलगा वाढला तो ख्राइस्ट्स हॉस्पिटलमध्ये. नाव रुग्णालयाचे वाटले, तरी ही जुनी निवासी शाळा आहे. १९३८ मध्ये ते ऑक्सफर्डच्या मर्टन महाविद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांना शिकविणारे एडमंड ब्लंडन हे स्वतः पहिल्या महायुद्धाच्या खंदकांतून परतलेले कवी होते.

युद्ध जाहीर होताच डग्लस यांनी सैन्यात नाव नोंदविले. १९४१ मध्ये त्यांना मध्यपूर्वेत पाठविण्यात आले. त्यांची शेरवुड रेंजर्स ही रेजिमेंट मूळची घोडदळाची. ती आता रणगाड्यांवर आली होती. डग्लस यांना मात्र पिछाडीच्या मुख्यालयात, लष्करी सामग्री शत्रूच्या नजरेपासून लपविण्याच्या कामावर नेमले गेले. ऑक्टोबर १९४२ मध्ये अल अलामेनची लढाई पेटली आणि त्यांना तेथे राहवेना. हुकूम नसताना ते एक ट्रक घेऊन निघाले, रेजिमेंट गाठली आणि आपल्याला पाठविण्यात आले आहे, असे कर्नलना खुशाल सांगितले. अधिकारी गमावलेल्या कर्नलनी त्यांना ठेवून घेतले. जानेवारी १९४३ मध्ये झेम झेम येथे सुरुंगाने जखमी होईपर्यंत ते रणगाड्यांच्या तुकडीचे नेतृत्व करीत राहिले. ‘अलामेन टू झेम झेम’ या त्यांच्या गद्य आठवणी याच मोहिमेच्या. त्यांत त्यांनी स्वतः काढलेली चित्रेही आहेत.

रणभूमीच्या नरकाविषयी सैनिकाने सांगावे असे सारे आधीच्या पिढीने सांगून टाकले आहे, ही जाणीव त्यांना छळत होती. ओवेन किंवा सॅसून यांच्या करुणेची आणि संतापाची पुनरावृत्ती करण्यात त्यांना अर्थ वाटेना. त्यांनी भावना आवरली आणि नजर रोखली. ‘हाऊ टु किल’ या कवितेत नेम धरणारा सैनिक समोरच्या माणसाला भिंगातून न्याहाळतो, त्याच्या लकबी टिपतो आणि त्याला मारतो. मारणारा आपणच आहोत, हे तो लपवीत नाही. त्यांची सर्वांत प्रसिद्ध कविता ‘फरगिसमाइननिख्त’. जर्मन भाषेत याचा अर्थ ‘मला विसरू नकोस’. लढाईनंतर तीन आठवड्यांनी त्याच जागी परतलेल्या सैनिकांना शत्रूच्या तोफचीचे कुजलेले प्रेत दिसते आणि त्याच्या सामानात प्रेयसीचे छायाचित्र सापडते. त्यावर तिने हेच शब्द लिहिलेले असतात. येथे शत्रूविषयी द्वेष नाही आणि स्वस्त कळवळाही नाही. ही अलिप्तता काही मित्रांना कोरडेपणाची वाटली. डग्लस मागे हटले नाहीत.

डिसेंबर १९४३ मध्ये ते इंग्लंडला परतले. सिलोनमधून लंडनला गेलेले तमिळ संपादक तंबिमुत्तू यांनी त्यांचे लेखन प्रकाशित करण्याची तयारी दाखविली होती. या युद्धातून आपण वाचणार नाही, असे डग्लस तोवर मित्रांना सांगू लागले होते. ६ जून १९४४ रोजी दोस्त सैन्य नॉर्मंडीत उतरले. त्यात तेही होते. ९ जून रोजी सेंट पियरे गावाजवळ शत्रूच्या दिशेने टेहळणी करून परतताना तोफमाऱ्यात ते ठार झाले. वय २४.

आठवणींचे पुस्तक १९४६ मध्ये आणि कवितांचा संग्रह १९५१ मध्ये निघाला, तरी त्यांच्याकडे फारसे कोणी वळले नाही. १९६४ मध्ये टेड ह्यूज यांनी निवडक कविता प्रस्तावनेसह संपादित केल्या, तेव्हा कोठे इंग्रजी काव्यजगताचे लक्ष त्यांच्याकडे गेले. एका कुंपणाकडेला घाईने पुरलेला त्यांचा देह नंतर फ्रान्समधील तिली-सुर-स्यूल येथील युद्धस्मशानभूमीत हलविण्यात आला.