जळण्यासाठीच केलेली तार



रात्रीची वेळ आहे, पावसाची झड लागली आहे आणि जुन्या मोटारीचा वायपर मध्येच थांबतो. पाठोपाठ वळण दाखवणारे दिवे जातात, पेट्रोलचा काटा शून्यावर पडतो. इंजिन मात्र चालूच! अशा वेळी कोणीतरी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून फ्यूजच्या जागी बसवतो, आणि गाडी पुढे निघते. ही युक्ती आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. ती किती घातक आहे हे कळायला फ्यूजचा इतिहास थोडा पाहावा लागतो.

फ्यूज मोटारीपेक्षा वयाने मोठा. तारायंत्राच्या तारांवर वीज पडे आणि ती थेट ठाण्यातल्या यंत्रात शिरे. १८४७ साली फ्रान्समधील ब्रेगे याने सुचवले, की ठाण्यात शिरण्यापूर्वी तारेचा एक तुकडा मुद्दाम बारीक ठेवावा. विजेचा लोळ आला तर तुकडा वितळेल, यंत्र वाचेल. पुढे एडिसनने विजेच्या दिव्यांसाठी हीच कल्पना वापरली व १८८० साली तिचे पेटंट घेतले. यामागचा नियम शिक्षकबंधूंच्या परिचयाचा आहे: प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. सगळ्या मंडलात एकच जागा दुबळी ठेवली, तर जळायचे ते तिथेच जळते.

मोटारीत वीज आली ती आधी ठिणगीपुरती. दिवे रॉकेलचे नाहीतर कार्बाइडचे, आणि इंजिन सुरू करायला पुढून हँडल मारायचे. हँडल उलटे फिरले की मनगट मोडलेच! १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत केटरिंग याने तयार केलेला विजेचा स्टार्टर आला, दिवेही विजेचे झाले. मग हळूहळू वायपर आला, वळणाचे दिवे आले. या सगळ्यांना दोन-दोन तारा कशाला? गाडीची लोखंडी बॉडीच परतीची वाट झाली. तार निम्मी वाचली खरी, पण आजच्या बहुतेक शॉर्टचे मूळ याच काटकसरीत आहे. एखाद्या तारेचे आवरण घासून गेले आणि ती पत्र्याला टेकली, की प्रवाहाला आडवाट मिळते.

दुसरी काटकसर फ्यूजांची. १९५० च्या दशकातल्या मॉरिस ऑक्सफर्डसारख्या ब्रिटिश गाड्यांत सबंध गाडीला मिळून दोनच फ्यूज असत. (आपली अँबॅसडर याच मॉरिसवरून घडवलेली, ती २०१४ पर्यंत कारखान्यातून बाहेर पडत होती.) एक फ्यूज हॉर्नसारख्या नेहमी जिवंत असणाऱ्या तारांचा, त्या जांभळ्या. दुसरा किल्ली फिरवल्यावर जागा होणाऱ्या हिरव्या तारांचा: वायपर, ब्रेकचा दिवा, वळणाचे दिवे, पेट्रोलचा काटा. इंजिनाची ठिणगी आणि पुढचे मोठे दिवे यांना फ्यूजच नाही. म्हणूनच वरच्या प्रसंगात इंजिन चालू राहिले.

आता दोष कसा हुडकायचा? चारही वस्तू एकदम गेल्या तर फ्यूज पाहावा. एकच गेली तर फ्यूजला दोष देऊ नये, त्या वस्तूची तार आणि बॉडीला टेकणारे तिचे टोक पाहावे. तिथला गंज प्रवाह अडवतो, फ्यूज उडवत नाही. कधी फ्यूज शाबूत असतो, पण त्याच्या चिमट्यांवर हिरवा कीट चढलेला असतो. पॉलिश पेपरने घासले की काम होते.

फ्यूज खरोखर उडाला असेल, तर केव्हा उडाला हे आठवावे. ब्रेक दाबताना उडाला? मग डिकीकडे जाणारी तार तपासावी. आठवत नसेल तर फ्यूज काढून त्याच्या जागी २१ वॅटचा १२ व्होल्टी बल्ब जोडावा आणि किल्ली फिरवावी. शॉर्ट असला तर बल्ब लख्ख पेटतो. पण बल्बमधून पावणेदोन अँपिअरच्या वर प्रवाह जातच नाही, म्हणून तार तापत नाही. मग एकेक वस्तूची तार सोडवत जावी. जी सोडवल्यावर बल्ब एकदम मंदावतो, ती गुन्हेगार. आम्ही इतिहासवाले जुन्या कागदांशी थोडेफार असेच वागतो. चंदेरी कागद घालणारा मात्र साक्षीदारच नाहीसा करतो. मग वितळायला दुबळी जागा उरत नाही, आणि डॅशबोर्डामागची सगळी जुडी पेटते.

आणखी एक खाचखळगा आहे. त्या ब्रिटिश काचेच्या फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेले असे. तो आकडा वितळण्याचा. सतत वाहायची मर्यादा त्याच्या निम्मीच. १९७६ साली आलेल्या रंगीत पात्यांच्या फ्यूजवरचा आकडा असा वितळण्याचा नसतो. जुन्या ३५ च्या जागी नवा ३५ घातला, तर तार तापून लाल होईपर्यंत फ्यूज स्वस्थ बसेल. दुकानदाराला नुसता आकडा सांगू नये. सतरा अँपिअर सतत वाहणाऱ्या जुन्या तारेसाठी हवा आहे, असे सांगावे.