बुधवारची मुंबई

मुंबई बघायला लोक शनिवार-रविवारी जातात. गेटवेवर फोटो, मरीन ड्राइव्हवर भुट्टा, परतीला एक्स्प्रेसवेवर चार तास. माझं मत वेगळं आहे. पुण्याहून एका दिवसासाठी जायचं असेल तर मुंबईला बुधवारी जावं. ऑफिसच्या कामाने जाणं झालं आणि मधले काही तास मोकळे मिळाले तर फारच उत्तम.

सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन पकडली की साडेदहाच्या आत तुम्ही सीएसएमटीला असता. परतीची डेक्कन क्वीन संध्याकाळी पाच दहाला. म्हणजे हातात साधारण पावणेसात तास. १ जून १९३० ला सुरू झाली तेव्हा ही गाडी मुळात वीकेंडची होती. रेसच्या शौकिनांना मुंबईहून पुण्याला आणायचं हे तिचं काम, आणि डबे फक्त फर्स्ट आणि सेकंड क्लासचे. तिसऱ्या वर्गाला १९५५ पर्यंत या गाडीत जागाच नव्हती. आज बुधवारी त्याच गाडीत पासवाले डुलक्या काढत असतात आणि लॅपटॉप उघडून कुणीतरी कर्जतपर्यंत मेल संपवत असतं. मजेची गाडी कामाची झाली.

स्टेशनातून बाहेर पडलात की फोर्टमध्ये चालत जा. रविवारी हा भाग सुंदर दिसतो, पण तो बंद असलेल्या दुकानासारखा. हायकोर्ट बंद, पुराभिलेखागार बंद, बँका बंद. हे सगळं कामाच्या दिवसासाठीच बांधलेलं आहे. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात किल्ल्याचे तट पाडले गेले. त्या मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत हायकोर्ट, विद्यापीठ, तारघर, सचिवालय असं एक अख्खं कामाचं शहर उभं राहिलं. बुधवारी तिथे काळ्या कोटातले वकील फायली सांभाळत रस्ता ओलांडत असतात, आणि इमारत कशासाठी आहे हे गाइडशिवाय कळतं. (एक सावधगिरी: भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय नेमकं बुधवारी बंद असतं. ते हवं असेल तर मंगळवार किंवा गुरुवार धरा.)

ओव्हल मैदानाच्या कडेला थांबून राजाबाई टॉवरकडे बघा. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने दोन लाख रुपये दिले आणि १८७८ मध्ये तो पूर्ण झाला. हे सगळीकडे लिहिलेलं असतं. वरचं घड्याळ कुठली वेळ दाखवणार यावर एकेकाळी भांडण झालं होतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

तेव्हा मुंबईची स्वतःची वेळ होती, ‘बॉम्बे टाइम’. ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. सूर्य डोक्यावर आला की बारा, इतका साधा हिशोब. रेल्वे मात्र मद्रासच्या वेळेवर चालायची, आणि ती मुंबईच्या अर्धा तास पुढे. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसनने सरकारी कामकाजासाठी मद्रासची वेळ लागू केली. शहर चिडलं. राजाबाईच्या घड्याळाचा प्रश्न विद्यापीठाच्या सिनेटमध्ये गेला आणि सिनेटने मुंबईच्या वेळेच्या बाजूने कौल दिला. त्यावर सरकारने घड्याळ रात्री उजळण्याचा खर्च द्यायला नकार दिला! शेवटी १८८३ मध्ये सरकारनेच हुकूम मागे घेतला.

दुसरी फेरी १९०६ ची. १ जानेवारीपासून ‘इंडियन स्टँडर्ड टाइम’ आला, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईचं घड्याळ एकदम ३९ मिनिटं पुढे सरकणार होतं. त्या महिन्यात गिरण्यांतल्या हजारो कामगारांनी माग सोडून दिले, गिरण्यांवर दगडफेक केली. शहरात पंधरा हजारांहून जास्त लोकांनी अर्जावर सह्या केल्या. नुसत्या घड्याळासाठी दगड? हिशोब करून बघा. भोंगा सहाला वाजतो असं धरू. नव्या वेळेचे सहा म्हणजे जुन्या वेळेचे पाच एकवीस. सूर्य आपल्या जागीच, पण बाईमाणसाला चूल ३९ मिनिटं आधी पेटवावी लागणार, खोलीतून अंधारात निघावं लागणार. त्यात गिरण्यांत नुकतेच विजेचे दिवे आले होते आणि त्या उजेडात कामाचे तास वाढत चालले होते. सकाळचा अंधार आणि रात्रीचा उजेड, दोन्ही मालकाच्या खात्यात.

मुंबई महापालिकेने मग कितीतरी वर्षं आपली घड्याळं जुन्याच वेळेवर ठेवली. स्वातंत्र्यानंतरही काही काळ शहरात ‘बॉम्बे टाइम’चा शब्द चालत होता.

मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे इथे थोडं विषयांतर. जगभरातले बहुतेक सर्व्हर आणि फोन ज्या टाइम झोन डेटाबेसवर चालतात, त्यात भारतासाठी एकच नोंद आहे, ‘एशिया/कोलकाता’. तिच्या इतिहासात कलकत्त्याची जुनी स्थानिक वेळ आहे, मद्रासची आहे, १९०६ चा बदलही आहे. मुंबईची स्वतंत्र नोंद नाही. ज्या वेळेसाठी लोकांनी गिरणीवर दगड मारले, ती वेळ तुमच्या हातातल्या फोनला ठाऊकच नाही. आणि दर मार्चमध्ये अमेरिकेची घड्याळं एक तास पुढे जातात, तेव्हा आमचा संध्याकाळी साडेसातचा कॉल गुपचूप साडेसहाला येतो. नोव्हेंबरमध्ये परत साडेसात. आम्ही कॅलेंडर अपडेट करतो आणि जेवणाची वेळ बदलतो. सिनेट वगैरे काही भरत नाही.

जेवण फोर्टमध्ये उरका. दोनच्या सुमारास सीएसएमटीहून स्लो लोकल पकडा आणि परळला उतरा. दुपारची लोकल बुधवारीही बरी असते, बसायला मिळतं.

परळला फोटो काढण्यासारखं फारसं काही नाही. गिरण्या गेल्या. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला दत्ता सामंतांचा संप आणि नंतरचे टॉवर-मॉल यांच्यावर भरपूर लिहिलं गेलंय, मी पुन्हा सांगत नाही. मला तिथे शंभर वर्षं मागचा एक माणूस हवा असतो. नारायण मेघाजी लोखंडे. जोतिरावांच्या सत्यशोधक चळवळीतला कार्यकर्ता, मांडवीच्या कापड गिरणीत स्टोअरकीपर, १८८० पासून ‘दीनबंधु’ चालवणारा. याच परळच्या सुपारीबागेत सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची सभा घेतली. मागण्या आज वाचल्या की त्या इतक्या थोडक्या वाटतात की अंगावर येतात: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, कामावर जखमी झाल्यास भरपाई. साडेपाच हजार कामगारांनी त्यावर सह्या केल्या.

सरकारी कचेऱ्यांना तेव्हा रविवारची सुट्टी होतीच. गिरणीत सण येईल तेव्हा सुट्टी, नाहीतर महिना सलग. रविवार हा खंडोबाचा वार, तो आमचाही आहे, असा युक्तिवाद लोखंड्यांनी केल्याचं सांगतात. साहेबाच्या चर्चचा वार जेजुरीच्या देवाच्या नावाने मागायचा, ही अक्कल मला फार आवडते. २४ एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजार कामगार जमले आणि दोन कामगार बायकांनी भाषणं केली. १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी फॅक्टरी कायद्यातही साप्ताहिक सुट्टी आली. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत गेले. वय जेमतेम एकोणपन्नास.

‘मिडवीक’ हा शब्द आम्ही ऑफिसात दिवसातून चार वेळा वापरतो. गिरणी कामगाराला १८९० च्या आधी तो समजावून सांगता आला नसता. ज्याला आठवड्याचा शेवटच नाही, त्याला मध्य कुठून असणार?

परळमध्ये लोखंड्यांच्या नावाची संस्था आहे, नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था. साडेचारच्या आत तिच्यावरून एक चक्कर मारता येते, आणि मग सीएसएमटीपर्यंत उलटं जायची गरज नाही, डेक्कन क्वीन दादरलाही थांबते. संस्था सरकारी आहे. महाराष्ट्रात सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. त्यामुळे तिथे जायचं तर कामाच्या दिवशीच जा. रविवारी गेलात तर फाटक बंद असेल.