टीएफ १×७ : निळ्या पानांची वंशावळ

बागेचा इतिहास लिहिणारे बहुधा फुलांत रमतात. एरिक स्मिथ रमले ते पानांत. सावलीत वाढणाऱ्या हॉस्टाची छोटी, निळ्या पानांची जी कुळे आज थंड देशांतल्या बागांत दिसतात, त्यांतली बरीच इंग्लंडच्या या रोपवाटिकाकाराच्या हातची.

हॉस्टा मूळची जपान, कोरिया, चीनकडची. १८३०च्या सुमारास सीबोल्ट या जर्मन वैद्याने ती जपानातून युरोपात नेली. त्यांचे नाव मिळालेल्या 'सीबोल्डियाना'ची पाने निळी, पण पसारा अडीच-तीन हातांचा. 'टार्डिफ्लोरा' नेमकी उलट : बुटकी, चकचकीत गडद हिरव्या पानांची. निळाई हवी पण जागा थोडी, अशा माळ्याला या दोघींचा संकर हवाच होता. अडचण एवढीच, की एक फुलते उन्हाळ्यात, दुसरी शरदात. १९६१मध्ये 'टार्डिफ्लोरा' अवेळी फुलली म्हणून सांगतात. तेव्हा हिलियर रोपवाटिकेत काम करणाऱ्या स्मिथ यांनी तिच्यावर 'सीबोल्डियाना एलिगन्स'चे पराग घातले. दोन्ही नावे सांधून या कुळाला पुढे 'टार्डियाना' म्हणू लागले.

ही निळाई म्हणजे रंगद्रव्य नव्हे. द्राक्षाच्या मण्यावर बोट फिरवताच पुसली जाणारी पांढुरकी साय असते, तसाच मेणाचा थर या हिरव्या पानावर असतो. त्यावर प्रकाश विखुरतो आणि पान निळे दिसते. कडक उन्हाने, पावसाने थर झिजतो. वसंतातले निळे पान उन्हाळा सरता सरता हिरवे होते. म्हणजे स्मिथ निवड करत होते ती आकाराची आणि मेणाची!

मला मात्र मोलाची वाटते ती त्यांची क्रमांकपद्धत. 'टीएफ' म्हणजे टार्डिफ्लोरा, पुढे पिढी, मग रोपाचा क्रमांक. टीएफ १×७ म्हणजे 'हॅल्सियन'. पहिल्या पिढीचा आपसांत संकर करून मिळालेली टीएफ २×२ म्हणजे जेमतेम वीतभर उंचीची 'ब्लू मून', आणि टीएफ २×७ म्हणजे 'हॅडस्पेन ब्लू'. हे शेवटचे नाव सॉमरसेटमधल्या ज्या बागेत ते पुढे काम करत, तिचे. कित्येक रोपे मात्र नुसत्या क्रमांकानिशी परगावी, अमेरिकेतही गेली आणि नावे तिकडच्यांनी ठेवली. नाव ठेवणाऱ्याला मान मिळतो. वंश मात्र क्रमांकच सांगतो. या रोपांच्या बिया आईसारखी रोपे देत नाहीत, गड्डा फोडून किंवा ऊतिसंवर्धनाने ती वाढवावी लागतात. त्यामुळे जगातली प्रत्येक अस्सल 'हॅल्सियन' हा त्या एकाच सातव्या रोपाचा तुकडा आहे. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली, की नुसते पान पाहून दोन भावंडे ओळखणे जाणकारालाही जड जाते.

स्मिथ १९८६मध्ये वारले; 'हॅल्सियन'ची रीतसर नोंदणी झाली १९८८मध्ये. तिच्याच एका रोपात पुढे पानांच्या मधोमध पिवळा पट्टा उमटला. ती 'जून', २००१ची 'वर्षाची हॉस्टा'. तिला टीएफ क्रमांक नाही.